चित्रकलेचा तास आणि सिरीनची शाळा

शाळेच्या वेळापत्रकांत कांहीं तास असे असतात कीं, ते दुसऱ्यांच्या उपयोगासाठींच ठेवलेले आहेत असें सर्वजण धरून चालतात. गणिताचा भाग मागें राहिला, घ्या चित्रकलेचा तास. तपासणी जवळ आली, घ्या चित्रकलेचा तास. आणि कोणी शिक्षक रजेवर गेले कीं, याच्या उलट, मुलांनीं गडबड करूं नये एवढ्यासाठीं त्यांस चित्रें काढावयास बसवावयाचें! आम्हीं आयुष्यभर संस्कृत आणि मराठी शिकविलें. परंतु शिक्षकांच्या खोलींत बसून या तासाची अशी वाटणी होत असलेली वर्षानुवर्षें पाहिली आहे. तिजबद्दल कोणा पालकानें तक्रार केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

म्हणून ज्या शाळेंत हाच तास प्रत्येक मुलास सक्तीचा होता अशा एका शाळेची हकीकत आमच्या वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आलें. ती शाळा धनिकांच्या मुलांची नव्हती. ती आफ्रिकेच्या दक्षिण भागांत, एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानें, ज्यांनीं कुंचला कधीं हातीं धरला नव्हता अशा खेड्यांतील मुलांसाठीं काढलेली होती. तेथील मुलांनीं काढलेल्या चित्रांची गोष्ट अद्याप संपलेली नाहीं.

आजच्या झिंबाब्वे देशांत बुलावायो नांवाचें मोठें शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येस सुमारें वीस मैलांवर माटोपोच्या डोंगराळ मुलुखाजवळ सिरीन नांवाचें मिशन आहे. १९३९ सालीं अँग्लिकन पंथाच्या एडवर्ड पॅटरसन या पाद्रीनें तें स्थापन केलें व १९४० च्या आरंभीं तेथील निवासी शाळा सुरू झाली. त्या काळीं या देशास दक्षिण ऱ्होडेशिया म्हणत आणि तेथें गोऱ्या वसाहतवाल्यांचा अंमल होता. सिरीन हें नांव कोठून आलें हें सांगितलें पाहिजे, कारण शाळेचें सारें धोरण त्यांत सांठविलेलें आहे. येशूला वधस्थानीं नेत असतां वाटेंत क्रूस उचलण्याच्या कामीं शिपायांनीं सायमन नांवाच्या एका मनुष्यास धरलें, असें बायबलांत सांगितलें आहे. हा सायमन सिरीन गांवचा; आणि सिरीन हें आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचें, आजच्या लिबिया देशांतलें, प्राचीन नगर. म्हणजे ख्रिस्ताच्या अंतकाळीं त्याचा भार वाहणारा मनुष्य आफ्रिकेचा होता. शाळेला हें नांव देऊन पॅटरसन यांनीं मुलांना न बोलतां एक गोष्ट सांगून ठेवली होती कीं, ही कथा परक्यांची नाहीं, हिच्यांत तुमचा एक माणूस आहे.

पॅटरसन यांचा जन्म १८९५ सालचा, स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचा; परंतु ते वाढले दक्षिण आफ्रिकेंत. पहिल्या महायुद्धांत सैन्यांत नोकरी झाल्यावर त्यांनीं लंडनच्या एका नामांकित कलाशाळेंत शिक्षण घेतलें, आणि त्यानंतर ते धर्मोपदेशक झाले. हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. आधीं कारागिरी हाताला लागली, मग झगा अंगावर चढला. दक्षिण आफ्रिकेंत पीटर्सबर्गजवळ ग्रेस द्यू नांवाची अध्यापकशाळा होती. तेथें असतांना त्यांनीं लांकडावरील कोरीव कामाचा वर्ग सुरू केला. त्या शाळेंत अर्नेस्ट मँकोबा या तरुणानें १९२९ सालीं लांकडाची एक मेरी कोरली आणि तिला आफ्रिकन स्त्रीचा चेहरा दिला. हा मँकोबा पुढें पॅरिसला गेला व युरोपांतील नामवंत कलावंतांत गणला गेला.

आतां सिरीनच्या वर्गाकडे वळूं. शेती, सुतारकाम, गवंडीकाम हे विषय तेथें होतेच. मिशनच्या शाळांतून ते सर्वत्र असत, आणि गोऱ्या सरकारला काळ्या मुलांनीं तेवढेंच शिकलेलें हवें असे. त्यांच्या जोडीला पॅटरसन यांनीं चित्रकला व कोरीव काम सर्वांना लागू केलें. हुषार मुलानें चित्र काढावें आणि बाकीच्यांनीं पाहत बसावें, हा प्रकार ठेवला नाहीं. दुसरा नियम याहून कडक. मुलांपुढें नकलेसाठीं युरोपांतील चित्रें ठेवावयाचीं नाहींत. डोळ्यांपुढें ठेवलेली बरणी किंवा पुठ्ठ्याचें घर पाहून हुबेहूब उतरविणें हेंही नाहीं. मुलानें कागद घ्यावा, आणि त्यास जें ठाऊक आहे, जें त्यानें गुरें राखतांना, पाण्याला जातांना, आजीच्या झोपडीपुढें बसून गोष्ट ऐकतांना पाहिलें किंवा मनांत आणलें, तें काढावें.

हा विचार जगांत अगदींच नवा नव्हता. व्हिएन्ना शहरीं फ्रान्झ चिझेक यांनीं १८९७ सालींच मुलांसाठीं असा एक वर्ग काढला होता व मुलांचें चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची प्रत नव्हे हें युरोपला पटविण्याचा यत्न केला होता. परंतु व्हिएन्नांत तो प्रयोग सुखवस्तु शहरांत झाला. सिरीनच्या रानांत तो करावयाचा म्हणजे एका वेगळ्याच अडचणीशीं गांठ होती. येथील मुलाला घरीं कोणी रंगपेटी दिलेली नव्हती. आणि त्याचा देश, त्याचा देव, त्याचा बाप हीं चित्रांत काढण्याच्या योग्यतेचीं आहेत, असें त्यास त्या राज्यांत कोणी सांगितलेलें नव्हतें.

तीं चित्रें कशीं दिसतात? आमच्या नातीनें संगणकाच्या पडद्यावर तीं आम्हांस मोठीं करून दाखविलीं. प्रथम कांहीं उमगेना, इतकी दाटी. माटोपोचे ते प्रसिद्ध दगड, कोणा राक्षसानें एकावर एक रचून ठेवल्यासारखे, आणि प्रत्येक दगडावरची रेघ न् रेघ स्वतंत्रपणें काढलेली. झाडें आहेत, पण झाड म्हणजे हिरवा गोळा नव्हे. पान न् पान वेगळें. मध्येंच हरणें, गुरें, वाट, वाटेवरून चाललेली डोईवर घागर घेतलेली बाई, भांडणारीं माणसें, झोपडीच्या कुडावरची नक्षी. कागदाचा एक कोपरा रिकामा नाहीं. आमची नात म्हणाली, “आजोबा, यांत आभाळ कुठें आहे?” खरेंच, कित्येक चित्रांत डोंगर कागदाच्या वरच्या कांठापर्यंत चढत गेलेले आहेत आणि आभाळाला चिंचोळी पट्टी काय ती उरली आहे. दूरची वस्तु लहान काढावी या नियमाकडे फारसें लक्ष नाहीं. ज्या मुलानें तें रान पायांखालीं घातलें आहे त्याला दूरचें झाड लहान असतें हें का म्हणून वाटावें? तो तेथें जाऊन आलेला असतो.

हें पाहतांना आम्हांस शाकुंतलाच्या सहाव्या अंकाची आठवण झाली. दुष्यंतानें शकुंतलेचें चित्र स्मरणानें काढलें आहे. जवळ शकुंतला नाहीं, आश्रम नाहीं. आहे ती केवळ आठवण. आणि चित्र पुरें झालें असें त्यास वाटतच नाहीं. अजून मालिनी नदी काढावयाची आहे, तिच्या वाळवंटांत हंसांची जोडी, पलीकडे हिमालयाचे पायथे, झाडाखालीं हरणी. विदूषक मनांतल्या मनांत म्हणतो कीं, आतां हा उरलेली सारी जागा दाढीवाल्या तापसांनीं भरून टाकणार! कालिदासाची ही थट्टा आम्हीं वर्गांत अनेकदां शिकविली. तिच्या मागची गोष्ट मात्र सिरीनच्या मुलांनीं आम्हांस अधिक उघड करून दाखविली. आठवणींतून काढलेल्या चित्रास रिकामी जागा सहन होत नाहीं. समोर ठेवलेल्या वस्तूचें चित्र वस्तु संपली कीं संपतें. आठवणीचें चित्र कागद संपला तरी संपत नाहीं.

परंतु येथें एक शंका घेतली पाहिजे, व ती आम्हांस महत्त्वाची वाटते. सिरीनच्या मुलांना संपूर्ण मोकळीक होती, पॅटरसन नुसते कागद वाटून बाजूस बसत, असें कोणी लिहील तर त्यावर विश्वास ठेवूं नये. दहा-वीस चित्रें ओळीनें पाहिलीं कीं त्यांच्यांतील घराणें ओळखूं येतें. कांठापर्यंत भरलेला कागद, पानापानाची नक्षी, रंगांची ती विशिष्ट जुळणी, हें सर्व प्रत्येक मुलाच्या मनांत आपोआप उगवलें असेल, हें संभवत नाहीं. नक्षीची आणि भरगच्चपणाची आवड मास्तरांची होती. ती त्यांनीं उत्तेजन देऊन, सुचवून, शाबासकी देऊन मुलांत रुजविली. शिक्षकानें कांहींच न शिकविणें ही गोष्ट जगांत नाहीं. गवयाच्या मुलाला गाणें शिकवूं नका म्हटलें तरी घरांतील तंबोऱ्याचा सूर त्याच्या कानीं पडतोच. प्रश्न इतकाच कीं, गुरूची छाया पडूनही शिष्याच्या स्वतःच्या डोळ्यांना जागा उरते कीं नाहीं. सिरीनला ती उरली, असें आमचें मत आहे. कारण घराणें एक असलें तरी रानें वेगळीं आहेत. तेथें निरनिराळ्या जमातींचीं, निरनिराळ्या भाषा बोलणारीं मुलें होतीं, आणि जो तो आपापली आठवण घेऊन आला होता.

दुसरी शंका याहून टोंचणारी. युरोपांतील चित्रें मुलांपासून दूर ठेवलीं हें ठीक. पण त्यामुळें युरोपांतील विद्या, म्हणजे छायाप्रकाश, देहाची ठेवण, दूरजवळचें गणित, हींही दूर राहिलीं कीं नाहीं? गोऱ्या मुलाला सर्व शिकवावयाचें आणि काळ्या मुलाला “तुझें तेंच बरें आहे” म्हणून थोपटावयाचें, यांत प्रेम असलें तरी एक कुंपणही असतें. आमच्या मतें लहान वयांत पॅटरसन यांचा नियम योग्यच होता. ज्या मुलाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसला नाहीं त्याच्या हातीं कोणतेंही तंत्र दिलें तरी तें परक्याची चाकरीच करील. परंतु मूल मोठें झाल्यावर त्यानें मागितलेलें तंत्र त्यास न देणें हा अन्याय होय. यशोधरानें कामसूत्रावरील टीकेंत चित्राचीं जीं सहा अंगें सांगितलीं आहेत त्यांत भाव आहे आणि सादृश्यही आहे. एकाच्या नांवानें दुसऱ्यास घराबाहेर घालवावें असें तेथें म्हटलेलें नाहीं.

या सर्व मुलांत सॅम साँगो या मुलाची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. त्याचे दोन्ही पाय लुळे होते आणि उजवा हातही निकामी. एकच डावा हात कामाचा. अशा मुलाला शेतीच्या शाळेंत काय स्थान? शेती नाहीं, गवंडीकाम नाहीं, ओझें वाहणें नाहीं. त्या काळच्या कोणत्याही मिशनांत त्याला दयेचा घांस मिळाला असता व कोपऱ्यांत बसण्यास जागा. सिरीनला मात्र चित्रकला सर्वांना सक्तीची होती. म्हणून त्यालाही ती चुकली नाहीं. त्या एका डाव्या हातानें त्यानें चित्रें रंगविलीं, लांकूड कोरलें, दगड कोरला, आणि पुढें त्याच शाळेंत तो शिक्षक झाला. सक्ती हा शब्द आपल्याला कानाला कडू लागतो. पण ऐच्छिक विषय हे नेहमीं ज्याला आधींच कोणीतरी हुषार ठरविलें आहे त्याच्याच वाट्यास येतात, हें आम्हीं शाळेंत पाहिलें आहे. साँगोला कोणीं हुषार ठरविलें असतें?

आतां प्रार्थनामंदिराविषयीं. सिरीनचें लहानसें मंदिर मुलांनीं आंतून व बाहेरून भिंतीचित्रांनीं भरून काढलें. कथा बायबलांतल्याच, वाटेंत लुटारूंनीं मारून टाकलेल्या परक्या प्रवाशाची शुश्रूषा करणारा दयाळू शोमरोनी त्यांत आहे. पण वाट माटोपोची आहे, प्रवासी काळा आहे, त्याला उचलणारा काळा आहे, आणि ख्रिस्तही काळा आहे. १९४० नंतरच्या त्या वर्षांत, ज्या राज्यांत काळ्या माणसाला शहराच्या कित्येक भागांत राहण्यास बंदी होती, त्या राज्यांत मुलांनीं देवाचा चेहरा आपल्या बापासारखा काढला, आणि गोऱ्या पाद्रीनें त्यास तो काढूं दिला.

आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येथें एक प्रश्न उभा राहील, तो आम्ही टाळीत नाहीं. हें सर्व अखेर धर्मप्रचारासाठींच ना? होय, त्यासाठींही होतें. मिशनची शाळा धर्माकरितां काढलेली असते, हें झांकण्याचें कारण नाहीं, आणि पॅटरसन यांनींही तें झांकलें नाहीं. आपल्या घरांतून आजही मुलें मिशनच्या शाळांत जातात. आपले आजे-पणजे ज्या शंकेनें तेथें जात ती शंका सर्वस्वी निराधार होती असें कोणी म्हणणार नाहीं. पण धर्म सांगण्याच्याही दोन रीती आहेत. एका रीतीनें देव परका राहतो व मूलही आपल्या घराला परकें होतें. दुसऱ्या रीतींत जो कोणता देव असेल तो मुलाच्या घरची बोली बोलूं लागतो. या दुसऱ्या रीतीशीं आपण महाराष्ट्रांतील लोक अनोळखी नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, पण त्यांनीं ओंवी, अभंग आणि कीर्तन सोडलें नाहीं. त्यांनीं आरंभिलेलें ख्रिस्तायन त्यांच्यामागें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. ज्यांच्या घरीं ‘स्मृतिचित्रें’ वाचलेलें नाहीं असें घर आमच्या वाचकांत विरळा. टिळकांनीं जें शब्दांत केलें तें चित्रांत करणारा एक मनुष्य याच काळांत पुण्यास राहत होता. त्याचें नांव मात्र आपल्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक आहे.

आंजेलु द फोन्सेका हे गोव्याचे, जन्म १९०२ चा. वैद्यकीचें शिक्षण सोडून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, तेथें शिकविली जाणारी विलायती पद्धति न रुचल्यामुळें शांतिनिकेतनाकडे वळले व अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेंत तयार झाले. त्यांची मेरी लुगडें नेसते, कपाळाला कुंकू असतें, जमिनीवर मांडी घालून बसते. गोव्यांत परत गेल्यावर यासाठीं त्यांना शाबासकी मिळाली नाहीं. धर्ममंदिरांत युरोपीय मुखवट्याचे देव पाहण्याची संवय झालेल्या लोकांस ही आपल्याच शेजघरांतली बाई देवाची आई म्हणून नकोशी वाटली. फोन्सेका पुण्यास शिवाजीनगरांतील ख्रिस्तप्रेम सेवा आश्रमाच्या आश्रयानें येऊन राहिले आणि तेथेंच त्यांनीं आपलीं बहुतेक चित्रें काढलीं. १९६७ सालीं ते वारले. परक्यांनीं आपल्याला कमी लेखणें समजण्यासारखें आहे; आपल्या चेहऱ्यांत देव दिसूं शकतो हें आपणांसच न पटणें याला काय म्हणावें? सिरीनच्या लहान मुलांनीं जें सहज केलें त्यासाठीं फोन्सेका यांना गांव सोडावें लागलें.

पुन्हां माटोपोकडे. तीं चित्रें पाहतांना डोंगर, झाडें, गुरें यांचें कौतुक करून थांबतां येत नाहीं. तो मुलूख कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या मागें उभा आहे. १९३० सालीं त्या देशांत जमीनवांटणीचा कायदा झाला आणि देशाची जवळजवळ निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांसाठीं राखून ठेवण्यांत आली. ज्यांचे पूर्वज तेथें गुरें चारीत आले त्यांना पुढील वर्षांत ठिकठिकाणांहून उठविण्यांत आलें. म्हणजे सिरीनचा एखादा मुलगा पान न् पान आठवून आपलें रान काढीत असतां त्याचे घरचे त्या रानांत राहतील कीं नाहीं याची शाश्वती नव्हती. याच डोंगरांच्या गुहांतून सान लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं काढलेलीं हरणांचीं व शिकाऱ्यांचीं चित्रें आहेत. तो सर्व प्रदेश २००३ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेला. सान लोक त्या डोंगरांतून केव्हांच नाहींसे झाले. भिंतीवरचीं हरणें राहिलीं. आम्हांला वाटतें, चित्र कशासाठीं काढावयाचें याचें उत्तर त्या मुलांच्या पाठीशीं दगडावरच लिहिलेलें होतें.

सिरीनसारखा दुसराही एक प्रयोग त्याच देशांत झाला. १९४८ सालीं योहान ग्रोबर या स्विस कॅथोलिक पाद्रीनें सेरिमा येथें मिशन काढलें. हे शिकलेले वास्तुविद होते. त्यांनीं मुलांकडून प्रामुख्यानें लांकडाचें कोरीव काम करवून घेतलें, व तेथील मंदिराचे खांब, दरवाजे हे विद्यार्थ्यांच्याच हातचे आहेत. शिस्त येथें अधिक, मोकळीक कमी. तरी निकोलस मुकोम्बेरान्वा यांच्यासारखे जगभर नांव मिळविलेले शिल्पकार याच शाळेंतून बाहेर पडले. तेव्हां एकच पद्धति खरी व बाकीच्या खोट्या, असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. दोहोंत समान गोष्ट एवढीच कीं, मास्तरांना स्वतःला काम येत होतें आणि मुलांच्या कामास ते खरें काम समजत होते. मंदिराच्या भिंती व खांब त्यांनीं मुलांच्या हवालीं केले. आपल्याकडे मुलांचें चित्र फार झालें तर वार्षिक संमेलनाच्या दिवशीं टांचणीनें फळ्यावर लागतें आणि दुसऱ्या दिवशीं रद्दींत जातें.

आपल्या शाळांतून आजही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकलेच्या परीक्षा होतात, आणि त्यांबद्दल आमचें मत वाईट नाहीं. हात स्थिर होतो, डोळ्याला प्रमाण कळतें. त्यांतील स्मरणचित्राचा विषय तर सिरीनच्या कल्पनेला अगदीं लागून आहे. पण होतें काय? “बाजारांतील दृश्य” हा विषय येणार म्हणून मुलांकडून एकच बाजार दहा वेळां काढवून घेतला जातो. फळवाली डावीकडे, छत्री मध्यें, पिशवी घेतलेली बाई उजवीकडे. सोलापूरच्या मुलाचा बाजार आणि सावंतवाडीच्या मुलाचा बाजार एकसारखा! स्मरणचित्रांत स्मरण उरत नाहीं. उरतें तें पाठांतर. पाठांतराचा आम्हांस तिटकारा नाहीं, संस्कृताच्या शिक्षकास तो असूं नये. पण रूपें पाठ करावयाचीं तीं शब्दांचीं, बाजाराचीं नव्हेत. दहावीच्या परीक्षेंत या परीक्षेबद्दल जादा गुण मिळतात म्हणून वर्ग भरलेले असतात, हेंही खरें.

नकलेलाही तिचें स्थान आहे. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनीं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भिंतीचित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यांत मुलांनीं अजिंठा शिकला आणि जगाला अजिंठा दिसला. उत्तम वस्तूची नक्कल ही साधना होऊं शकते. कार्डावरच्या बदकाची नक्कल ही मात्र साधना नव्हे.

आणि घरांतलें काय? आपल्या घरांतून चित्रकला शाळेच्या आधीं शिकविली जात असे. तिला चित्रकला म्हणत नसत, एवढेंच. चैत्रांत अंगणांत चैत्रांगण काढणारी आमची आजी लिहितांवाचतां येणारी नव्हती. गौर, झोपाळा, तुळशीवृंदावन, कासव, नाग, गोपद्म, सूर्य, चंद्र, एकामागून एक तिच्या चिमटींतून उतरत, पुढें पुस्तक नसे. गोपद्मांच्या रांगेंत तिनें आमच्या गोठ्यांतल्या वासराचें एक पाऊल मुद्दाम वांकडें काढलेलें आम्हांस आठवतें, कारण तें वासरूं लंगडत असे. शास्त्रांत तें पाऊल नव्हतें. आतां चैत्रांगणाची छापील चिकटपट्टी मिळते. दिवाळीचा किल्ला हेंही असेंच. विटा, पोतें, माती, त्यावर पेरलेले अळीव, विहीर म्हणून पुरलेली करवंटी. कोणाचा सिंहगड, कोणाचा जंजिरा, आणि पुष्कळांचा नुसताच “किल्ला”, ज्याला इतिहासांत नांव नाहीं. आतां तयार किल्ले बाजारांत मिळतात व आईबापांचे कपडे मळत नाहींत. आमच्या वाड्यांत यंदां दोन मुलांनीं मातीचा केला. त्यांच्या किल्ल्याला जिना आंतून होता, बाहेरून दिसत नव्हता. विचारलें तर म्हणालीं, “शत्रूला दिसूं नये म्हणून.” आम्हीं गुण दिले असते तर पैकींच्या पैकीं.

कोणी म्हणेल, एवढें करून सिरीनच्या त्या सर्व मुलांचें झालें काय? सगळीं चित्रकार थोडींच झालीं! नाहीं झालीं. सर्व मुलांना व्याकरण शिकवितों तें सर्वांनीं पाणिनि व्हावें म्हणून नव्हे.

राहिली त्या चित्रांची हकीकत. १९४७ सालीं इंग्लंडचें राजकुटुंब दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आलें तेव्हां सिरीनलाही गेलें; मुलांच्या कामाचें कौतुक झालें. १९४९ सालीं तीं चित्रें लंडनला प्रदर्शनासाठीं पाठविण्यांत आलीं व पुढें अन्यत्रही फिरलीं. १९५३ सालीं पॅटरसन यांनीं सिरीन सोडलें. नंतर सॅलिस्बरी शहरीं, म्हणजे आजच्या हरारेंत, त्यांनीं पुन्हां शिकविण्यास आरंभ केला, आणि १९७४ सालीं ते वारले. लंडनला गेलेल्या चित्रांचा मोठा गठ्ठा मात्र परत आलाच नाहीं. तो शोरडिच भागांतील सेंट मायकेल नांवाच्या, पुढें वापरांतून गेलेल्या एका चर्चमध्यें पडून राहिला. १९७० नंतरच्या दशकांत ती इमारत जुन्या बांधकामसामानाचा व्यापार करणाऱ्यांकडे गेली, आणि अडगळींत तीं चित्रें सांपडलीं. तीं कोणाचीं, कोठलीं, याचा उलगडा होण्यास आणखी कित्येक वर्षें गेलीं. २०२० सालीं शोरडिचमध्येंच त्यांचें प्रदर्शन भरलें. त्याला “तारे तेजस्वी आहेत” अशा अर्थाचें नांव दिलें होतें.

२०२२ सालीं तीं चित्रें हरारेच्या राष्ट्रीय कलादालनांत आलीं. जीं मुलें १९४५ सालीं पंधरा वर्षांचीं होतीं, त्यांतलें कोणी त्या दिवशीं दालनांत येण्यास उरलेलें असलें तर त्याचें वय ब्याण्णव असणार. पानें, दगड, हरणें, घागर घेतलेली बाई, सारें जसेंच्या तसें.